काच चाटणारे मासे

माझा मामा लोकांच्या घरचे फिशटँक धुतो. बादली, रबरी नळी आणि जुना टूथब्रश एवढंच त्याचं भांडवल, आणि मासा मारायचा नाही हा एकच नियम. कुणी घर बदललं, कुणाच्या पोरांची हौस फिटली, की नकोसा मासा मामाच्या बादलीत यायचा आणि बादली शाळेमागच्या तळ्यात रिकामी व्हायची. त्यात जास्त असायचे काच चाटणारे, तिच्यावरचं शेवाळ खाणारे काळे मासे. बोटाएवढा आणलेला मासा दोन-तीन वर्षांत हातभर होतो, मग तो कुणालाच नको असतो. "जीव आहे, जगू दे," मामा म्हणायचा. बारा वर्षं हे चाललं. आम्ही त्याला साधू म्हणून चिडवायचो, पण खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

यंदा तळ्याकाठच्या गल्ल्यांत डासांनी उच्छाद मांडला. एका घराआड एक माणूस तापाने पडलेला. मामी तर दवाखान्यात, प्लेटलेट रोज खाली. मामाच्या पायाला भिंगरी लागली होती. खाटेपासून खिडकी, खिडकीपासून औषधांचं दुकान, परत खाट. जेवायलासुद्धा उभ्याउभ्याच. मला वाटलं, मामीची काळजी. ती होतीच.

त्याच आठवड्यात कॉलेजातल्या एका मॅडमनी तळ्यात जाळं टाकायला लावलं. मामा मला घेऊन तिथे गेला. जाळ्यात नुसते काळे, खडबडीत पाठीचे मासे. मॅडम सांगत होत्या की इथे पूर्वी नऊ-दहा जातींचे लहान मासे होते, डासांच्या अळ्या खाणारे. काळ्यांनी त्यांची अंडी फस्त केली, काठ उकरून ठेवले. आता दोनच जाती उरल्यात, अळ्यांना रान मोकळं. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, औषध टाकून तळंच साफ करू. मॅडम म्हणाल्या, मग त्या दोनही जातील. जाळ्याने काळे काढता येतील, पण कुणी अजून सोडत असेल तर सगळी मेहनत फुकट. कोण सोडतंय ते कळायला हवं.

कुणी म्हणालं, पुरातून आले. कुणी पलीकडच्या वस्तीवर ढकललं. मामा नुसती पायांची चुळबुळ करत उभा होता. मला केव्हाच कळलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, मी मनात म्हणत होते, गप्प राहा, घरी चल.

"मीच सोडले," मामा म्हणाला. "बारा वर्षं. आता नाही सोडणार."

कुणी शिवी दिली नाही. शिवी परवडली असती. नगरपालिकेच्या माणसाने तळ्यात औषध टाकायच्या परवानगीचा कागद घडी करून खिशात घातला.

काठावर चाळीसेक मासे पडले होते. तासभर झाला तरी चिवट जीव जात नव्हता. परत सोडायचे नाहीत, आणि मारायला कुणी पुढे येईना. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग मामाकडे.

त्याने दांडकं मागितलं. पहिला मासा उचलला, त्याचा एक कल्ला जुनाच फाटलेला होता. मामा थांबला. मग मारला. एकेक करत सगळे मारले. मी बादली धरून होते, तीच बादली.

संध्याकाळी दवाखान्यात मामीने विचारलं, शर्टाला काय लागलंय.

"पहिला दातांच्या डॉक्टरांकडचा होता," मामा म्हणाला. "मी ओळखलं त्याला."

सलाइनचा हात सांभाळत मामी खाटेवर जरा सरकली. आठवड्यात पहिल्यांदा मामा बसला.