रेडिओला लावलेला कौल

मल्लम्माला जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मत होतं. एकाच गोष्टीवर नव्हतं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

देवगाव फाट्यापासून दोन कोस आत असलेल्या त्या गावात मल्लम्माचं किराणा दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं, आणि असं चालवलं की माल घ्यायला आलेला माणूस गूळ घेऊन जाताना दोन सल्ले फुकट घेऊन जाई. पण तिच्या मतांना खरा बहर आला तो पंचायतीत सरकारी रेडिओ आल्यावर. चावडीत लाकडी खोक्यात तो बसवला होता, खोक्याला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली शाळेच्या दिनकरराव मास्तरांच्या जानव्याला. गावात वीज नव्हती. जाडजूड बॅटरीवर तो चाले, आणि ती संपली की तालुक्याहून दुसरी येईपर्यंत गाव बहिरं.

चावडीत बायांनी बसायचं नाही, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता म्हणूनच तो कुणाला मोडता येत नव्हता. मल्लम्मानं त्यातून वाट काढली. चावडीसमोर महादेवाचं देऊळ होतं. देवळाच्या ओट्यावर दुकानातलं रिकामं बारदान अंथरून ती दिवेलागणीला बसे. देवळात बसलेल्या बाईला कोण काय म्हणणार? तिथून बातम्या स्वच्छ ऐकू येत, आणि बातम्या संपल्या की चावडीतल्या पुरुषांना मल्लम्माची मतंही तितकीच स्वच्छ ऐकू जात.

"आधी निजामाचं राज व्हतं, मंग हैदराबादचं झालं, आता मुंबईचं म्हनत्यात. गाव हाय तितंच हाय. राज बदलायलंय तर पान्याच्या आडाला पायऱ्या तरी करा की!"

आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा तिनं तीन दिवस सरकारचा उद्धार केला. पाऊस येणार म्हणून रेडिओनं सांगितलं आणि आला नाही, तेव्हा "बोलनाऱ्यानं खिडकीतून बाहीर बघून बोलावं," असं सुनावलं. रशियावाल्यांनी कुत्रीला आभाळात धाडल्याची खबर आली, त्या दिवशी सगळी चावडी तोंडात बोट घालून बसली होती. मल्लम्मानं एवढंच विचारलं, "खाली कवा आननार हायत तिला?"

मास्तर म्हणाले, "काकू, खाली आणायची सोय नाही त्यात."

"सोय न्हाई तर धाडली कामून?"

मल्लम्मा त्या संध्याकाळी पुढचं काही न ऐकता उठून गेली. तिच्या घरातही एक अशीच होती.

गंगम्मा तिची एकुलती एक लेक. सोळाव्या वर्षी सेलूला दिली, सतराव्या वर्षी नागपंचमीला माहेरी आली. पंचमी झाली, पोळा झाला, दिवाळी झाली, न्यायला कुणी आलं नाही. निरोप धाडले तर "बघू, येऊ" एवढंच उत्तर. पुढं तेही थांबलं. जावई हैदराबादला कामाला लागला म्हणे, तिथंच दुसरी बायको केलीय म्हणे. बघता बघता तीन वर्षं झाली. गंगम्मा दुकानामागच्या खोलीत डाळी निवडी, दळण करी, आणि रस्त्यावर बैलगाडीची घुंगरं वाजली की तिचा हात थांबे. मल्लम्माला वाटे, पोरगी नवऱ्याची वाट बघतेय. तिनं ते विचारलं कधीच नाही. जगाला सल्ला देणाऱ्या बाईला घरात तोंड उघडायची भीती वाटत होती.

म्हणूनच ती गुरुवारच्या गोष्टीत अडकली. दर गुरुवारी बातम्यांनंतर रेडिओवर पंधरा मिनिटांचं घरगुती नाटक लागे, आणि पुढचं पुढच्या गुरुवारी. त्यातली इंदू अशीच माहेरी राहिलेली होती. तिचा बाप आजारी, आई कष्टी, नवरा परगावी. मल्लम्मा इंदूच्या सासूला शिव्या द्यायची, नवऱ्याला द्यायची, कधी कधी "रडती काय, एक पत्र टाक की त्याला!" म्हणून इंदूलाही ओट्यावरून ओरडायची. चावडीत हशा पिके. मल्लम्माचं लक्षच नसे.

त्या थंडीत तिचा धाकटा भाऊ भीमाशंकर स्थळ घेऊन आला. पोखर्णीचा महालिंग, बायको वारलेली, एक लहान मुलगी, कापडाचं दुकान. माणूस निर्व्यसनी आणि मऊ. बाजारात गंगम्माला पाहून त्यानं आपणहून विचारणा केली होती.

"आक्का, पंच बसवू, सोडचिट्ठी घेऊ. सेलूवाले एका पायावर तयार हायत. पाट लावून टाकू. पोरीचं सोनं व्हईल."

"आन उद्या जावई दारात येऊन हुबा ऱ्हायला तर?"

"तीन वर्सं आला का?"

पाटाची, दुसऱ्या घरोब्याची बाई म्हणजे लग्नाकार्यात मागं बसणारी, हळदीला हात लावू नको म्हणून सांगितली जाणारी, हे मल्लम्मानं जन्मभर पाहिलं होतं. पाहिलं कशाला, दुसऱ्यांच्या बाबतीत ते तिनंच सांगितलं होतं. भीमाशंकर म्हणाला, "महालिंग शिवरातीपातूर थांबतो म्हनलाय. तितवर काय ते सांग."

तिनं महादेवाला कौल लावला. गुरवानं पिंडीवर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पाट लावायचा, डावं पडलं तर थांबायचं. उजवं पडलं. तिचं मन काही निवलं नाही. गुरवाचा हात हलला असेल, असं म्हणून तिनं सोमवारी पुन्हा लावला. डावं पडलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा गुरव म्हणाला, "काकू, देवाला हैराण करू नका."

मग मल्लम्माच्या डोक्यात ते आलं. त्या गुरुवारी इंदूच्या घराच्या दारावर थाप पडली होती. इंदूची आई "कोण आहे?" म्हणाली, वाद्यं वाजली, आणि रेडिओवरच्या बाईनं सांगितलं की पुढच्या गुरुवारी शेवटचा भाग. मल्लम्मानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. देवळाच्या ओट्यावर, महादेवाच्या दारात बसून ऐकलेलं खोटं कसं होईल? शिवाय रेडिओला ना गुरवाचा हात, ना कुणाचा. आवाज आभाळातून येतो. दारात इंदूचा नवरा असला तर गंगम्माचाही येणार, म्हणजे थांबायचं. दुसरं कुणी असलं, तर पोखर्णीला होकार. कितीतरी महिन्यांनी तिला त्या रात्री शांत झोप लागली.

पण मधे क्रिकेट आलं.

क्रिकेटवरचं मल्लम्माचं मत साऱ्या गावाला पाठ होतं. "पोखर्णीच्या जत्रंत दोन पैलवान मातीत उतरत्यात, दिवस बुडायच्या आत एकाची पाठ लागती. आन ही पाच पाच दिस चेंडू कुटत्यात, वर म्हनत्यात कुनीच जितलं न्हाई. असला कसला खेळ? न्याय न्हाई, निवाडा न्हाई." शिवाय ते सांगणारा इंग्रजीत सांगे. चावडीतल्या एकट्या मास्तरांना ते निम्मं कळे, बाकीचे मास्तरांच्या तोंडाकडं बघून हसत किंवा हळहळत. वेस्ट इंडिजवाले आले होते आणि आपले सारखे हरत होते. निदान दिल्लीत तरी लाज राखतील म्हणून मास्तरांनी शाळेची मधली सुटी लांबवून रेडिओ सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. असे पाच दिवस. बुधवारी सामना संपला. कुणीच जिंकलं नाही.

गुरुवारी मल्लम्मा दिवस मावळायच्या आधीच बारदान घेऊन ओट्यावर आली. बातम्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटत होता. मग "श्रोतेहो, ऐका" असं काहीतरी झालं, वाद्यं वाजली, इंदूची आई पुन्हा "कोण आहे?" म्हणाली, आणि तिचा आवाज खोल आडात उतरत गेला. थोडी खरखर झाली. मग काहीच नाही.

मास्तरांनी खोक्यावर थापा मारल्या. कुणी म्हणालं बॅटरी उन्हात ठेवा, पण ऊन कुठलं आणायचं? मल्लम्मा जन्मात पहिल्यांदा चावडीची पायरी चढून आत गेली. खोक्याला कान लावून उभी राहिली. कुणी तिला बाहेर हो म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती देवगाव फाट्याला चालत गेली. तिथल्या चहाच्या हॉटेलात रेडिओ होता. मालक म्हणाला, "गुरवारी? आमी तर गानी लावतो, काकू." फाट्यावर थांबलेल्या दोन-चार माणसांना तिनं विचारून पाहिलं. इंदू कोण हेच त्यांना माहीत नव्हतं.

ती परत येऊन मास्तरांच्या दारात बसली. मास्तरांना बॅटरीची टोचणी होतीच. त्यांनी लगेच कार्ड काढलं. मल्लम्मानं सांगितलं, "इंदूच्या दारात कोन आलं व्हतं ते कळवा म्हनावं. लय निकड हाय." मास्तरांनी "अत्यंत निकड" असं लिहिलं आणि कार्ड रेडिओ केंद्राला धाडलं. कसली निकड ते त्यांनी विचारलं नाही. बाईचं वेड म्हणून हसले असतील.

शिवरात्रीला चार दिवस राहिले तेव्हा भीमाशंकर आला. मल्लम्मा म्हणाली, "जरा थांब. पत्र यायचं हाय."

"पत्र? कुनाचं?"

रेडिओचं, असं सांगायची तिला लाज वाटली. ती नुसतं म्हणाली, "येनार हाय. आलं की सांगते."

भीमाशंकरचा चेहरा उतरला. "आसं हाय व्हय," म्हणाला, आणि चहाही न घेता गेला. तो काय समजला हे मल्लम्माला समजलं, पण तिनं त्याला मागं बोलावलं नाही. बोलावून सांगणार काय होती? दुकानामागच्या खोलीत सुपाचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

पोखर्णीला निरोप गेला की पोरीच्या सासरहून पत्र यायचं आहे. महालिंग सरळ माणूस. दुसऱ्याच्या संसारात आपण कशाला, असं म्हणून त्यानं शिवरात्र होऊ दिली, आणि फाल्गुनात मानवतची मुलगी केली. भीमाशंकरनंच लग्नाहून येऊन सांगितलं. जाताना त्यानं विचारलं, "आलं का सेलूचं पत्र?" मल्लम्मानं नाही म्हणून मान हलवली.

पत्र आलं ते होळी झाल्यावर. मास्तर स्वतः दुकानात घेऊन आले, मोठ्या कौतुकानं. रेडिओवाल्यांनी गावातल्या बाईला उत्तर धाडलं होतं! त्यांनी मोठ्यानं वाचलं. श्रोत्यांच्या पत्राबद्दल आभार मानले होते. इंदूच्या दारी कोण आले हे लेखकाने मुद्दामच सांगितलेले नाही. ते श्रोत्यांवर सोपवले आहे. ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने मानावे.

"म्हंजी दार उघडलंच न्हाई?"

"नाही, काकू. तुम्ही ठरवायचं, असं म्हणतात ते."

मल्लम्मानं कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी उलटंसुलटं करून पाहिलं. मास्तर गेले. गिऱ्हाईक येऊन मीठ मागून उभं राहिलं, कंटाळून गेलं. मग ती उठून मागच्या खोलीत गेली.

गंगम्मा तूर निवडत होती. मल्लम्मा तिच्यासमोर खाली बसली आणि तीन वर्षांत विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"गंगे, तुला पोखर्नीला जायचं व्हतं का गं?"

गंगम्मानं वर पाहिलं नाही. सुपातला एक खडा काढून तिनं बाजूला टाकला.

"पेटी भरून ठिवली व्हती, माय. कुलपाला त्याल घातलं व्हतं. शिवरात झाल्यावर लुगडी काडून परत वलनीवर टाकली. तुज्यासमोरच तर टाकली."

"आन घुंगरं वाजली की थांबायचीस ती?"

"यंदा मामा याचा आसंल म्हून थांबायची. पोखर्नीचं सांगाया. त्याच्या आदी सेलूवाला इल म्हून भ्या वाटायचं."

मल्लम्माला रडू फुटलं. ते मायलेकींच्या रडण्यासारखं नव्हतं, कारण रडत एकटी तीच होती. "मला सांगायचंस की गं," ती म्हणाली. "मला सांगायचंस."

"तू इचारलंस का? महादेवाला इचारलंस. रेडूला इचारलंस, मास्तरानं वाचलं ते आयकलं मी. मला वाटलं माझ्या जल्माचं मला इचारायची पाळी बी यिल कवातरी."

तूर निवडून झाली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून नवी बॅटरी आली. गुरुवारी संध्याकाळी मल्लम्मा दुकानात बसून राहिली. चावडीतून बातम्यांचा आवाज येत होता. पंडित नेहरू कुठंतरी काहीतरी बोलले होते, कुठंतरी पूर आला होता.

गंगम्मा आतून बारदान घेऊन आली. घडी घालून आईच्या हातात दिलं.

"जा. नवी गोष्ट लागायलीय म्हनं."

मल्लम्मा गेली. दुसरं कुठं जाणार? ओट्यावर बसली, आणि चावडीतली माणसं तिच्या मताची वाट बघत होती तरी काहीच बोलली नाही.