बोरीखालचा दगड

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की मला बार्शीटाकळीजवळचं ते शेत आठवतं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दाव्यात कोर्ट कमिशनर पाहणीला आले होते. माझी अशील, एक म्हातारी बाई, शेंगांचं टोपलं त्यांच्यापुढे ठेवून स्वतःच्याच वावरातल्या बोरीकडे गेली. "हद्दीचा दगड इथं हाय. आमच्या बुड्यानं मातीत दाबला होता." म्हणजे बोरीपलीकडची जमीन शेजाऱ्याची! मी चिडून कुजबुजले, "काकू, काहून सांगून राहिल्या?" "साहेब पाहाले आले, त खरं दाखवा लागन ना." ज्याच्याशी भांडण, तो शेजारी खाली बघत म्हणाला, "काकू, तुमच्या विहिरीची वाट मीच बुजवली. उद्या मोकळी करतो." दावा तिथंच मिटला. आता नवा अशील आला की मी कागद नंतर बघते. आधी विचारते, तुमचा दगड कुठं दाबलाय?