पूर्ण भार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी जिनेच असतात. लिफ्ट चालू असेल तिथे त्याला बोलावतं कोण? आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बावीस वर्षं हत्यारांची पिशवी खांद्याला लावून नऊ-नऊ मजले चढताहेत. दीड वर्षापूर्वी डाव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, ती जाड शीर, दुखायला लागली आणि त्यांचं पहाटेचं धावणं सुटलं. जिने कसे सुटणार? पोट त्यांच्यावर.

घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. पहाटेचा तो एक तास तेवढा त्यांचा स्वतःचा होता. तो गेला आणि हा माणूस कोंडून घातल्यासारखा खोल्यांतून येरझाऱ्या घालू लागला. नळ टपकला तरी ताईवर डाफरायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही, कारण दुखणं जाऊ न देणारे तेच होते.

फिजिओबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसा, एका पायावर सावकाश पायरी उतरा, दहापैकी तीन मार्कांपर्यंत दुखलं तर चालेल. पळायचं मात्र मी सांगेन तेव्हाच. भावोजी दीड महिना इमानेइतबारे करायचे. दुखणं ओसरलं, की त्यांच्यातला मेकॅनिक जागा व्हायचा. दुरुस्त झालेली लिफ्ट पूर्ण भार टाकून वर-खाली पळवायची, मगच कागदावर सही करायची, हा धंद्याचा शिरस्ता. तोच त्यांनी गुडघ्याला लावला. सहा किलोमीटर, सुसाट! दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून आडवे-आडवे जिना उतरायचे. असं एकदा नाही, चार वेळा. पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो, तपासल्याशिवाय बरा झालाय हे कळणार कसं?" चौथ्या खेपेला ते बाईंना म्हणाले.

"लिफ्टचा दोर तुम्ही बदलता. हा बदलून मिळत नाही," बाई म्हणाल्या. "आता पुन्हा असं केलंत तर पळणं कायमचं विसरा."

भावोजींचा चेहरा उतरला. त्यानंतर चार महिने त्यांनी फक्त भिंत आणि पायरी केली.

मग परवानगी मिळाली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. ताईचा काडीइतकाही विश्वास नव्हता. तिने मला सायकल आणि घड्याळ देऊन नदीकाठी त्यांच्या मागे पाठवलं.

"मेव्हणीबाई, मिनिट जरा मोठं मोजा हं!"

"एक सेकंद जास्त मिळणार नाही, भावोजी."

ते पळाले. पाठ ताठ, पावलं हलकी. मीच बघत राहिले आणि ऐनवेळी भानावर येऊन ओरडले, "थांबा!" ते थांबले. तेवढ्यात मागून त्यांची जुनी धावणारी टोळी आली.

"अरे, हा सुटला वाटतं! चल, पुलापर्यंत!"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. गुडघा दुखत नव्हता, ते तोंडावरच दिसत होतं. मला 'नको' म्हणवेना. त्यांनी काठावरच्या कठड्याचा लोखंडी गज दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि टोळी पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही.