समासातली शर्त

जेसीबी सुरू होता आणि गंगामावशी विहिरीच्या कठड्यावर बसून होत्या. दुसऱ्या लाईनसाठी विहीर बुजवायची होती. मी रेल्वेचा सेक्शन इंजिनिअर. म्हणजे रुळाखालची जमीन मोकळी करून देणं माझं काम. आणि सगळ्या वस्तीचं पाणी त्या एकाच विहिरीवर.

मावशींनी पिशवीतून एक उर्दू कागद काढला. "आमच्या आजेसासऱ्यानं रेल्वेला जमीन देली तव्हाचा हाय सायब. वाचा."

मला उर्दू येत नाही. आमचे रिटायर्ड पॉइंट्समन याकूबभाई शेजारीच राहायचे, त्यांना बोलावलं. त्यांनी समासातल्या ओळीवर बोट ठेवलं. "शर्त हाय सायब. इहीर बुजवली तर रेल्वेनं वस्तीला दुसरी खोदून द्यायची."

मी काम थांबवलं आणि कागद घेऊन नांदेडला डिव्हिजनच्या ऑफिसात गेलो.

साहेब म्हणाले, "हे निजामाच्या रेल्वेचं. आता मालक कोण?"

"जमीन आपल्याकडं याच कागदानं आली ना साहेब?"

"मग आपल्या रेकॉर्डला असेल. दाखवा."

रजिस्टर आलं. ही लाईन निजामाकडून सरकारकडे गेली, मग एका झोनकडून दुसऱ्याकडे. मीटरगेजचे अरुंद रूळ जाऊन ब्रॉडगेज आली. दर वेळी कागदांचे गठ्ठे नव्या मालकाकडे जायचे आणि नवी यादी व्हायची. शेवटच्या यादीत त्या गावापुढे लिहिलं होतं: 'क्षेत्रफळाचा इंग्रजी उतारा ठेवला. मूळ उर्दू, वाचता येत नाही, नष्ट.' खाली सही माझी.

तेव्हा मी नवा होतो. दोन दिवसांत यादी उरकली म्हणून शाबासकी मिळवली होती. गठ्ठे उचलायला याकूबभाईच होते, तेव्हा ते हमालीच करायचे. त्यांना एकदा विचारावं, हे मला सुचलं नाही. हमालाला कोण वाचायला देतं?

"तुम्हीच नष्ट केलंय," साहेब म्हणाले. "बाईचा कागद खरा कशावरून?"

परत आलो. मावशींनी विचारलं, "लिवलेलं खोटं हाय का?"

"खरं आहे, मावशी."

"मंग?"

मंग काय! साहेबांनी काम सुरू करायला सांगितलं होतं, दुपारपर्यंत विहीर बुजवून झाली. दुसरी कुणी खोदली नाही. आता वस्तीला टँकर येतो, आला तर. मला स्वतःची लाज वाटते, पण लाजेनं घागर भरत नाही.

रिटायर होऊन आता लातूरला असतो. नवीन पोरं सल्ला मागतात, तेव्हा एवढंच सांगतो: 'वाचता येत नाही' असं लिहिण्याआधी गठ्ठा उचलणाऱ्याला विचारा.