डाव्या कप्प्यातले हिरवे

माझी जीभ तिखट आहे. राजुऱ्याला आई म्हणायची, हिला कामावर ठेवणं म्हणजे विस्तव पदरात बांधणं. आम्ही सगळे हसायचो. त्या जिभेने मी एका माणसाचं काम घालवलं, आणि तो माणूस मला काम शिकवणारा होता.

आयटीआय करून मी इंटरनेटच्या फायबर केबलच्या ठेकेदाराकडे लागले, तेव्हा मला सोबत घ्यायला कुणी तयार नव्हतं. बाईमाणूस शिडीवर कशी चढणार, हा सगळ्यांचा प्रश्न. वरोऱ्याकडचे एक भाऊ होते, पन्नाशी उलटलेले. ते म्हणाले, "माह्यासंगं येऊ द्या तिले. शिडी काही माणूस पाहून हलत नाई." तेव्हापासून धानोऱ्याच्या पुढची जंगलातली गावं आम्हा दोघांच्या वाट्याला आली. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, जिथे भिंतीवर इंटरनेटचा डबा तिथे आम्ही.

केबलच्या टोकाला बसवायच्या कनेक्टरचं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. निळ्याचं टोक सपाट, हिरव्याचं जरासं तिरपं कापलेलं. दोन्ही एकाच खाचेत टक्कन बसतात आणि तिथेच नवखा फसतो. निळ्याला हिरवा लावला तरी डब्यावरचा दिवा लागतो, आपण चहा पिऊन निघतो, आणि चार दिवसांनी गावातून फोन येतो की बंद पडलं.

"बसलं म्हन्जे जुळलं नाई, पोरी," भाऊ म्हणायचे. "सोयरीक आधी पाहावी, मंग लग्न लावावं."

दुसरा नियम त्याहून कडक. टोकाला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागला तरी उजेड अडतो. एकदा माझं बोट लागलं, तर त्यांनी तेच टोक माझ्याकडून स्पिरिटने पाच वेळा पुसून घेतलं.

शेवटच्या वर्षी भाऊ बदलले. गाडी मला चालवायला देऊ लागले. केबलमधले केसासारखे रंगीत धागे जोडायचं काम माझ्यावर सोपवून "तुहा हात बसू दे" म्हणत बाजूला बसू लागले. मला वाटलं, माझ्यावर विश्वास बसला. खरं म्हणजे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि निळा-हिरवा त्यांना सारखाच दिसू लागला होता. हे ठेकेदाराला कळलं तर आपल्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, ही भीती ते एकटेच बाळगून होते. या कामापलीकडे त्यांना काही येतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं. पिशवीत हिरवे कनेक्टर डाव्या कप्प्यात, निळे उजव्या कप्प्यात ठेवायचे, आणि त्यात मी हात घातला की चिडायचे. मी मनात म्हणायची, म्हातारपण आलं की माणूस किरकिरा होतो.

एका सकाळी निघायची घाई होती. मी सगळे कनेक्टर डाव्याच कप्प्यात कोंबले आणि सांगायचं विसरले.

त्या दिवशी काम एका आरोग्य उपकेंद्राचं होतं. नर्सबाई खुर्ची देऊन बाजूला उभ्या होत्या, आणि ठेकेदाराचा सुपरवायझर नेमका पाहणीला आलेला. भाऊंनी डाव्या कप्प्यात हात घातला, एक कनेक्टर काढला, थांबले. मग पाठ फिरवून त्यांनी त्याचं टोपण काढलं आणि टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं. दुसरा काढला, त्यावरही फिरवलं.

ते तिरपेपण चाचपत होते. मला मात्र फक्त मोडलेला नियम दिसला. मी सगळ्यांसमोर ओरडले, "काऊन नख लावून राह्यले भाऊ? मले शिकवता अन् सोताच घाण करता? निळा-हिरवा दिसत नाई का तुमाले?"

सुपरवायझरने मान वर केली. तो उठला, पिशवी टेबलावर उलटी केली आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, यातला एक हिरवा द्या बरं."

तेव्हा मला कळलं. गाडी, धागे, कप्पे, सगळं एकदम कळलं. भाऊ ढिगाकडे पाहत होते. मग त्यांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मी समोर होते. हिरवा माझ्याच बाजूला पडला होता. नुसती नजर तिकडे वळवली असती, बोट हलवलं असतं, तरी चाललं असतं. पण माझा राग उतरला नव्हता. इतके दिवस माझ्यापासून लपवलं, याचा नवा राग त्यात पडला होता. मी तशीच उभी राहिले.

भाऊंनी निळा उचलून दिला.

त्या महिन्यातच त्यांना काढलं. पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं की चंद्रपूरला एकेका डोळ्याचं ऑपरेशन झालं. थोड्या वेळाचं काम, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. एवढंच होतं तर. मी त्यांना बाजूला घेऊन "काय होऊन राह्यलं भाऊ" एवढं विचारलं असतं, तर थोड्या दिवसांच्या रजेत भागलं असतं. या विचाराने मी कितीदा रडले, ते घरातही कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता. मी सुपरवायझरकडे दोनदा गेले. तो म्हणाला, आता जागा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वरोऱ्याच्या बसस्टँडवर भाऊ भेटले. अंगाने वाळले होते. लांबूनच त्यांनी मला ओळखलं आणि जवळ येऊन माझं काम कसं चाललं ते विचारलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही.

"तू मनाले नको लावू, पोरी. तू इशारा केलाच असशीन, मले माईत हाये. मलेच दिसला नाई."

त्यांची बस लागली. मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हटलं, "हो भाऊ."