चुंबकाच्या चौकटीतले उंदीर

सरुबाई मखमलाबादची. घरी झेंडूचा मळा, आणि नोकरी आमच्या कॉलेजात उंदरांची खोली सांभाळायची. मी तिथला स्टोअरकीपर. पांढऱ्या उंदरांपुढे दाणे टाकताना ती "जेवा रे बाबांनो" म्हणायची, तेव्हा मला हसू आवरायचं नाही.

सत्त्याण्णव साली प्रतिभा मॅडम पीएचडीला लागल्या. सातपूरच्या एका वर्कशॉपातून त्यांनी तांब्याची तार गुंडाळलेली मोठी लाकडी चौकट करून आणली. वीज सोडली की तिच्या आत चुंबकाचं क्षेत्र तयार व्हायचं. रोज दुपारभर त्यात राहिलेले उंदीर उशिरा म्हातारे होतात का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून निम्म्या पिल्लांचे पिंजरे त्या चौकटीत ठेवले, निम्मे शेजारच्या तशाच, पण बिनविजेच्या चौकटीत.

दुपारी पडदे ओढले की खोलीत हिरवट अंधार पसरायचा. चौकट घुंघुं करायची, उंदीर एकमेकांवर रेलून झोपायचे, आणि भिंतीला टेकलेल्या सरुबाईचे डोळे मिटायचे.

"या आवाजात लय जुनं दिसतं," ती म्हणायची. "झेंडू तोडाया पळायची ना मी, तसे पाय हलके होत्यात."

मी चेष्टा करायचो खरा, पण त्या खोलीतून माझाही पाय निघत नसे.

दोन वर्षांनी मॅडमचा चेहरा उतरला. दोन्हीकडचे उंदीर सारखेच थकले होते. केस विस्कटलेले, चाल मंद, फरक काडीचाही नाही. त्या तिथेच स्टुलावर बसून रडल्या. सरुबाईला ते बघवेना.

"म्याडम, तुम्ही तास घ्याया गेल्या का मी पिंजरे पलटायची," ती म्हणाली. "निम्मी दुपार हे आत, निम्मी दुपार ते. एकाच बाजूला सुख, ते काय बरं दिसंना."

"सरुबाई, माझी दोन वर्षं गेली हो."

"त्यांचं तर सगळं आयुष्यच तेवढं हाय, म्याडम."

मॅडमनी डोळे पुसले आणि उठून त्या म्हाताऱ्या उंदरांपुढे दाणे टाकले. मला दोघींचंही वाईट वाटलं. पण मॅडमनी वर तक्रार केली नाही.

पुढच्या महिन्यात नवी पिल्लं आली. या खेपेला सरुबाईने पिंजऱ्यांना हात लावला नाही. मात्र दुपारी चौकट घुंघुं करू लागली की ती उठून बिनविजेच्या चौकटीपाशी जाऊन बसायची, आणि तोंडाला पदर लावून तिथल्या पिल्लांसाठी तसंच घुंघुं करायची. मॅडम दारातून बघायच्या, आणि आवाज न करता वर्गावर निघून जायच्या.