हजेरीचा अंगठा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारत नव्हतं, एवढं कारण मला पुरत होतं.

मी कर्जत तालुक्यात ग्रामसेवक होतो. ग्रामसभेची आमची एक रीत होती. माणसं आली की कोऱ्या पानाच्या तळाशी हजेरीच्या सह्या आणि अंगठे घ्यायचे. वरच्या जागेत ठराव दुसऱ्या दिवशी सावकाश लिहायचा. डोंगरातल्या वाडीच्या झऱ्याचं पाणी खालच्या एका रिसॉर्टला द्यायचा विषय आला, तेव्हा वाडीवरून एकच बाई सभेला उतरली. तिनं अंगठा दिला आणि उभी राहून म्हणाली, "आमी नाय देनार पानी. तुमचे पावने पोहतील, आन् आमची पोरं काय चाटतील?"

सभा हसली. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' तिचा विरोध नोंदवायला एक ओळ पुरली असती.

उन्हाळ्यात वाडीच्या बायका पाण्याला नदीपर्यंत उतरू लागल्या. वाडीकर जाब विचारायला आले, तेव्हा मी वही पुढे केली. वाडीचा अंगठा एकच, तिचा. त्या दिवसापासून ती पाणी विकणारी ठरली. लग्नाच्या मांडवातही तिच्या शेजारी कोणी बसेना. ती परोपरीनं सांगत राहिली, पण लोकांनी वही खरी धरली.

माझी नात नेरळला राहते, संगणकाचं काम करते. गावाच्या आणि वाडीच्या नव्या टाकीसाठी तिनं दोन्हीकडच्या लोकांना घेऊन ब्लॉकचेनवर चालणारं मंडळ उभं केलं. त्याला अध्यक्ष नाही, सचिव नाही. घरटी एक मत, आणि प्रत्येक मताची नोंद एकाच वेळी अनेकांच्या फोनमध्ये. एकानं आपल्याकडची बदलली तर बाकीच्यांशी जुळत नाही, लगेच उघडी पडते.

"म्हणजे माझ्यासारख्याचं कामच संपलं," मी म्हणालो.

"आजोबा, तुमच्यासारख्यांसाठीच तर केलंय," ती हसली. तिला काहीच माहीत नव्हतं.

पण तिच्या मांडणीत एक भोक होतं. सभेत शिरायला फोनवर अंगठा टेकवायचा, आणि वेगळं काही न सांगणाऱ्याचा होकार धरायचा. मी तिथंच अडवलं. हजेरी वेगळी, होकार वेगळा. नाही म्हणणाऱ्याचं म्हणणं त्याच्याच आवाजात ठेव. खोटी नोंद अशी पक्की झाली तर ती पुसणारही कोणी नाही. तिनं वाद घातला नाही, आठवड्यात बदल केला.

हे चालणार, याबद्दल मला शंका नाही. कोरम भरायला मी घरोघर फिरायचो. आता भातझोडणी थांबवून लोक मत देतात, आणि आपलं मत मोजलं गेलं का ते स्वतः बघतात.

नव्या बंगल्यांना टाकीतलं पाणी द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा वाडीची तीच बाई, आता म्हातारी, काठी टेकत आली. शेजारणीच्या फोनमध्ये तिनं "नाय" म्हटलं, आणि सगळ्यांच्या फोनवर ते वाजलं. प्रस्ताव पडला.

ती माझ्यापाशी आली. "भाऊसाहेब, माजं नाय हितं ऱ्हाईल ना?"

"राहील. कोणाला काढता येणार नाही."

"मंग तवाचं कुटं गेलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. शेजारी वाडीची माणसं उभी होती, ऐकत होती. एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणालो, "बाई, चहा घेता?"

"घेते की," ती म्हणाली. प्याली आणि डोंगर चढून गेली. पौषात वारली.

वाडीकरांनो, तिनं पाणी दिलं नव्हतं. आणि बाई, त्या दिवशी चहाऐवजी म्हणायचं होतं ते हे: तुमचा अंगठा हजेरीचा होता. ठराव मी लिहिला. तुम्ही नाही म्हणाला होता, मी ऐकलं होतं. मला माफ करा.